न्यू टाउनची ट्रायथलॉन आणि एक जादा रबरबँड

चार वर्षांपूर्वी गोव्यात मी लांब पल्ल्याची ट्रायथलॉन सात तास बावन्न मिनिटांत पूर्ण केली. म्हणजे एकोणीसशे मीटर पोहणं, नव्वद किलोमीटर सायकल आणि एकवीस किलोमीटर धावणं, मधे न झोपता. ती माझी आजवरची सर्वांत चांगली वेळ. त्यानंतर दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा आठ तासांच्या वर गेले. आता मी एकसष्ट वर्षांची आहे. शरीर कुठल्या दिशेला चाललंय ते सांगायला प्रशिक्षक लागत नाही.

म्हणून कोलकात्याच्या स्पर्धेत नाव घातलं. रस्ता पाटासारखा सपाट, जानेवारीची थंडी. शिवाय माझं लहानपण जवळच्याच बराकपूरला गेलं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन तिथे आले होते. यातलं खरं कारण कुठलं, असं अनिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, सपाट रस्ता.

पुण्याहून सायकल न्यायची तर पेटीत सुटी करून न्यावी लागते. पेटीचं वजन आणि मापं तिकीट काढतानाच कळवा, विमानतळावर वाद घालण्यात दम घालवू नका. कोलकात्यात टॅक्सीवाल्याने पेटी टपावर दोरीने बांधली आणि आदराने विचारलं, आत कुठलं वाद्य आहे. अनिलने सायकल सांगितल्यावर तो निराश झाला आणि पुढे सगळ्या खड्ड्यांतून सरळ गेला.

आदल्या दिवशी विश्रांती घ्यावी असं सगळी पुस्तकं सांगतात. मी सियालदह स्टेशनवरून लोकलने बराकपूरला गेले. तिकीट दहा रुपये, पाऊण तास. माझी कॉन्व्हेंट शाळा तिथेच आहे, फाटक तेवढं उंच केलंय. रखवालदाराने कुणाची आजी म्हणून विचारलं. मी विद्यार्थिनी म्हटलं, तेव्हा त्याने सुट्टी आहे, उद्या या, असं सांगितलं. आत चिंचेचं झाड होतं, ते बाहेरून दिसलं. त्याच्याखाली सिस्टर गणिताच्या वह्या परत द्यायच्या. पासाला पस्तीस लागायचे आणि मला एकदा चौतीस मिळाले होते. आई-बाबा घरी मराठीत खूप बोलले, सिस्टर इंग्रजीत एवढंच म्हणाल्या की चौतीस म्हणजे चौतीस. फाटकापाशी दहा मिनिटं उभी राहिले. पायांना विश्रांती नाही मिळाली, पण मला बरं वाटलं.

रात्री गेस्टहाउसवर साधा मुगाचा भात खाल्ला. स्पर्धेच्या आधी मोहरीतला मासे-भात मागवू नका. नंतर मागवा.

स्पर्धा कोलकात्याच्या न्यू टाउन भागात. सहाला तळ्यावर इतकं धुकं होतं की पहिला तरंगता फुगा दिसेना. एक तरुण पोलिसांना विचारत होता, की दिसतच नाही तिकडे पोहायचं कसं. पुढच्याच्या मागे जा, असं पोलीस म्हणाले. तो पुढचा म्हणजे मीच. पाणी गारठलेलं, पण संथ. पंचावन्न मिनिटांत बाहेर आले. सायकलचा रस्ता खरोखर सपाट, फक्त परतीला समोरून वारा. केळी, मिठाचं पाणी आणि घरून आणलेल्या राजगिऱ्याच्या वड्या. धावायला लागले तेव्हा पाच तास नऊ मिनिटं झाली होती. गोव्यापेक्षा तीन मिनिटं पुढे. एवढाच हिशेब डोक्यात ठेवायचा होता.

धावण्याच्या चार फेऱ्या. प्रत्येक फेरीच्या लांबच्या टोकाला एक स्वयंसेवक मनगटात लाल रबरबँड घालतो, केसांना लावतात तसला. चार झाले की शेवटच्या कमानीकडे सोडतात. टोकाला घोषबाबू होते, निवृत्त गणिताचे मास्तर, मफलर आणि माकडटोपी एकदम घातलेले. पहिल्या फेरीत माझं बंगाली ऐकून त्यांनी विचारलं, कुठल्या. ‘बराकपूर,’ मी धावत म्हटलं. दुसऱ्या फेरीत त्यांनी माझं वय विचारून घेतलं. तिसऱ्या फेरीत काहीच विचारलं नाही, हात धरून बँड चढवला आणि ‘जा दिदी, जा’ म्हणाले.

मी परत आले तर कमानीकडे वळायच्या फाट्यावर उभ्या मुलीने माझं मनगट बघितलं आणि कमानीकडे बोट दाखवलं. वर घड्याळ. सात तास नऊ मिनिटं. अनिल कॅमेरा घेऊन ओरडत होता. कमान दहा पावलांवर होती. एकसष्टाव्या वर्षी शरीर आपोआप चाळीस मिनिटांनी वेगवान होत नाही, हे मला तिथे उभं राहून कळलं. मनगटात चार बँड होते आणि फेऱ्या तीन.

अनिल म्हणाला, ‘थांबलीस का?’ मी म्हटलं, ‘अजून पाच किलोमीटर आहेत.’ त्याने कॅमेरा खाली घेतला. तो माझ्याबरोबर पस्तीस वर्षं संसार करतोय.

चौथ्या फेरीला पायांचं लाकूड झालं होतं, पण हिशेब अजून जमत होता. टोकाला मी हात पुढे केला. ‘मास्टरमशाय, एक जादा आहे. परत घ्या.’

घोषबाबू चिडले. ‘चुकून नाही दिला. पेपर संपेपर्यंत बसून राहणाऱ्या प्रत्येकाला मी ग्रेस मार्क दिलेत. आयुष्यभर.’

मी म्हटलं, मला नकोत. ते म्हणाले, मग माझा अपमान करता. मी म्हटलं, तसं नाही. ते म्हणाले, जादाचा काढला आणि या फेरीचा घातला, तर उत्तर चारच येतं, मग धावा की तशाच. मागून दोन मुलं आली, बँड मागू लागली. घोषबाबूंनी त्यांना थांबायला सांगितलं, आधी मुद्दा पुरा होऊ दे.

‘पायऱ्यांना मार्क असतात ना, सर?’ मी विचारलं.

 त्यांनी माझ्या मनगटातला एक बँड काढून खिशात ठेवला, डब्यातून दुसरा काढून नीट घातला आणि मफलरने नाक पुसलं. त्या मुलांनाही एकेकच दिला.

सात तास चोपन्न मिनिटं. गोव्याहून दोन मिनिटं जास्त. टोकावर मी चार मिनिटं उभी होते, हे घड्याळाच्या नोंदीत साफ दिसतं.

संध्याकाळी मासे-भात झाला आणि वर नवीन गुळाची मिठाई, संदेश. संदेश चार दिवसांच्या आत खा, पुण्यापर्यंत टिकतो.

आता घरी आले आहे. डावा गुडघा जिन्यावर बोलतो. अनिलने एकदाच विचारलं, बँड परत न देता नुसतं टोकाला शिवून आली असतीस तर? नियमाप्रमाणे चाललं असतं. विक्रमही झाला असता. मी हा विचार रोज साधारण पोहायला जाताना करते आणि पाण्यात उतरेपर्यंत मला वाईट वाटतं. उतरल्यावर नाही वाटत. गोव्यातल्या त्या सत्तावन्न वर्षांच्या बाईपेक्षा मी दोन मिनिटं मागे आहे. तिला मात्र वाटेत कुणी थांबवलं नव्हतं.