एकाहत्तर जणांचे आभार

गुरुनाथ खांबेटेला गोष्टीतल्या नायकाचा मनापासून तिटकारा होता, आणि त्याच्या बायकोला, शरयूला, त्याच्या या तिटकाऱ्याचा. अमेरिकेत नेपरव्हिलच्या त्यांच्या घरात ही दोन वैरं पस्तीस वर्षं गुण्यागोविंदाने नांदत होती.

सांगलीहून सदुसष्ट साली ॲन आर्बरला शिकायला आलेल्या गुरुनाथने अमेरिका पाहिली ती घरमालकिणीच्या टीव्हीवर. बाहेर गुडघाभर बर्फ, आत रोज संध्याकाळी काऊबॉयची एखादी मालिका. धुळीने भरलेलं गाव, एक गुत्ता, एक शेरीफ आणि दर आठवड्याला कुठून तरी उगवणारे चार बदमाश. बरोबरची मुलं शेरीफवर जीव टाकायची, त्याच्यासारखं कमरेवर हात ठेवून उभं राहायची. गुरुनाथला तो शेरीफ डोळ्यांसमोरही नको असायचा.

"ठोंब्या आहे ठोंब्या," तो म्हणायचा. "सलग तीन वाक्यं धड बोलता येत नाहीत. त्याला जेवायला कोण घालतं? गोळी लागली की काढतं कोण? आणि शेवटी लेकाचा टोपी तिरकी करून मावळतीकडे चालता होतो. कुणाला साधं थँक यू म्हणत नाही!"

त्याचा जीव होता मागच्या माणसांवर. दाढी करता करता गिऱ्हाइकाची दाढही उपटून देणारा न्हावी. महत्त्वाचा निरोप आला की नेमकी ज्याची तार तुटायची, तो तारमास्तर. माणूस जिवंत असतानाच नजरेने त्याचं माप घेऊन ठेवणारा शवपेट्यांचा सुतार. आणि सगळ्यांत लाडका म्हणजे गुरं हाकणाऱ्यांच्या तांड्याबरोबर फिरणारा, एका डोळ्यावर कातडी पट्टी बांधलेला म्हातारा स्वयंपाकी. हा तीस आडदांड माणसांना हातात पळी घेऊन शिव्या घालायचा आणि ते तीसही जण माना खाली घालून जेवायचे. मालिका संपली की बाकीची मुलं उठून जायची. गुरुनाथ शेवटची नावं सरकून संपेपर्यंत हलायचा नाही. न्हाव्याचं काम करणाऱ्या नटाचं नाव वहीत उतरवून घ्यायचा आणि मगच झोपायचा.

एकाहत्तर साली लग्न होऊन शरयू आली तेव्हा तिला हे सगळं गोड वाटलं होतं. नवी नवरी माणसाला बरंच काही गोड मानून घेते. पाचव्या वर्षी गोडी आटली, दहाव्या वर्षी कीव यायला लागली आणि गुरुनाथ रिटायर होऊन घरी बसला, त्यात केबलवर दिवसभर जुन्या मालिका लागायला लागल्या, तेव्हा कीवही संपली. घरी कुणी चहाला आलं की याचं सुरू. "बघा, बघा, या भागात पट्टी डाव्या डोळ्यावर आहे, मागच्या भागात उजव्या होती! कुणाच्या लक्षात आलं का? नाही! कारण सगळे त्या ठोंब्याकडे बघत होते." पाहुणे घड्याळाकडे बघायचे. शरयू कप उचलायची.

फालतू माणसांची फालतू कौतुकं, असं तिचं स्वच्छ मत होतं. तिने बावीस वर्षं गावच्या लायब्ररीत पुस्तकं लावली होती, कोणता कचरा कोणत्या फळीवर जातो ते तिला बरोबर कळायचं. नवऱ्याच्या वेडाचं कारणही तिने केव्हाच हुडकून ठेवलं होतं. हा स्वतः पंपांच्या कंपनीत एकतीस वर्षं दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासत बसला. ज्यांच्या चुका याने काढल्या ते साहेब झाले, हा तिथेच राहिला. मग त्याला न्हाव्याचा आणि तारमास्तरचा पुळका येणार नाही तर कुणाचा येणार?

या वेडातूनच गुरुनाथला त्याच्या आयुष्यातलं एकमेव सार्वजनिक पद मिळालं. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आभारप्रदर्शन तो करायचा. एक्क्याऐंशी सालापासून दरवर्षी. आभार म्हटलं की लोकांचं एक पाऊल जेवणाच्या रांगेकडे असतं, पण गुरुनाथला त्याचं काही नव्हतं. खुर्च्या कुणी मांडल्या, सतरंजी कुणाच्या व्हॅनमधून आली, दोन-दोन पाउंड भाजी घरी नेऊन, चिरून, पिशव्यांवर नावं घालून कुणी परत आणली, सगळं तो नावानिशी सांगायचा. "मागचा माणूस सुटता कामा नये," हा त्याचा बाणा. आणि शेवटी, थोडा थांबून, आवाज हळवा करून, ठरलेलं वाक्य: "घरच्यांचे आभार मानून मी त्यांना परकं करणार नाही."

यातल्या घरच्या म्हणजे शरयू. आभार संपल्यावर लोक ज्याच्यावर तुटून पडायचे तो साडेतीनशे माणसांचा मसालेभात आणि प्रसादाचा शिरा तीच करायची. गोडा मसाला तिच्या घरचा, माप तिच्या डोक्यात. शाळेच्या भाड्याच्या स्वयंपाकघरात सकाळी नवापासून ती पातेल्यापाशी उभी असायची आणि हॉलमधून माईकवर तिच्या नवऱ्याचा आवाज यायचा. पंचवीस वर्षं त्या आवाजात गावातल्या प्रत्येकाचं नाव येऊन गेलं, तिचं सोडून.

दोन हजार सहा साली दोन गोष्टी झाल्या. शरयूच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. तिने मंडळाला कळवून टाकलं की हे वर्ष शेवटचं, पुढच्या वर्षी केटरर बघा. आणि मंडळाचा अध्यक्ष झाला संग्राम, पुण्याहून आलेला, आयटीतला, चौतिशीचा पोरगा. त्याला सगळं वेळेत हवं असायचं.

"काका, डोन्ट माइंड," तो घरी येऊन म्हणाला, "पण आभार यंदा पॉवरपॉइंटवर टाकू. नावं स्क्रीनवर स्क्रोल होतील. लोक बोअर होतात हो, लहान मुलं असतात. तुम्ही फक्त लिस्ट ईमेल करा."

गुरुनाथचा चेहरा पडला. शरयूला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण संग्राम गेल्यावर नवरा खिडकीपाशी इतका वेळ उभा राहिला की तिने स्वतःच कॉम्प्युटर सुरू केला. "सांगा. मी टाइप करते. तुमच्या एका बोटाने दिवाळी उजाडेल."

तो सांगत गेला, ती टाइप करत गेली. नारळ फोडणारे. बुटांवर लक्ष ठेवणारे. एक्स्टेंशन कॉर्ड देणारे, पंधरा फुटी, असं त्याने आवर्जून सांगितलं. सत्तर नावं झाली. शरयूची बोटं थांबली. इतकी वर्षं नावं त्याच्या तोंडून निघून हवेत जायची, शरयू पातेल्याच्या वाफेत असायची, कानावर पडलं न पडलं सारखंच. आज ती नावं तिच्या स्वतःच्या बोटांखालून गेली होती, आणि त्यांत तिचं नव्हतं. आता पुन्हा संधीही नव्हती. तिला आपलं नाव हवं होतं. एकदाच, शेवटचं वर्ष म्हणून. ते हवंय याची तिला लाजही वाटली आणि त्या लाजेचा संतापही आला.

"झाली यादी?" तिने विचारलं. "कुणी राहिलं नाही ना?"

गुरुनाथने हनुवटी खाजवली. मग त्याचे डोळे चमकले. "राहिलं! राहिलं की! शाळेचा झाडलोट करणारा जॅनिटर. त्याला काय वाटेल?"

तिने जॅनिटर घातला. एकाहत्तर. "अजून? नीट आठवा."

"नाही," गुरुनाथ समाधानाने म्हणाला. "आता एकही माणूस सुटला नाही."

दुसऱ्या दिवशी शरयूने सिॲटलला मुलीला फोन केला. आश्लेषाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॉम, जस्ट टेल हिम!"

"सांगून मिळवायचं तर मीच टाइप नसतं का केलं?" शरयू म्हणाली आणि फोन ठेवला.

उत्सवाच्या शनिवारी तिने ठेवणीतली नारायणपेठ नेसली, अंबाड्यात फुलं खोवली आणि शाळेत गेल्यावर स्वयंपाकघराकडे न वळता हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. स्टेजवर मुलांचे नाच चालू होते. ती मन लावून टाळ्या वाजवत होती. दहा वाजता वीणा धावत आली. ही दरवर्षी तिच्या हाताखाली मदत करायची.

"काकू, तांदूळ धुऊन ठेवलेत. पाणी किती टाकायचं? मसाला किती?"

"मला काय विचारतेस?" शरयू म्हणाली. "मी आज प्रेक्षक आहे."

वीणाला वाटलं काकूंची तब्येत बरी नाही. ती गुरुनाथला शोधून घेऊन आली. तो घामाघूम झाला होता. "अगं, तू इथे काय बसलीस? साडेतीनशे माणसं यायची आहेत! तिथे कुणालाच काही माहीत नाही!"

"कमाल आहे. एकाहत्तर माणसं आहेत की," शरयू स्टेजवरची नजर न हलवता म्हणाली. "यादीत बघा. भात करणाऱ्याचं नाव असेलच, तुमच्याकडून कुणी सुटत नाही."

आणि त्या माणसाने खरोखरच खिशातून यादी काढली! चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागला. भाजी चिरणाऱ्या होत्या, पातेली देणारे होते, ताटं वाटणारे होते. बोट जॅनिटरपर्यंत आलं. मग ते परत वर गेलं, पहिल्या नावापासून पुन्हा खाली आलं. दुसऱ्यांदा जॅनिटरपाशी पोचलं तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता, पण शरयूने बघितला, चांगला डोळे भरून बघितला. तो तिचा हक्कच होता.

"अगं, पण घरच्यांचे आभार मानून..."

"करा मला परकं," ती म्हणाली. "एकदा करा. त्या जॅनिटरला केलंत ना, तेवढंच करा."

गुरुनाथने यादी खिशात कोंबली. मग स्टेजवर चढला. दोन नाचांच्या मध्ये संग्राम काहीतरी अनाउन्स करत होता, त्याच्या हातून माईक काढून घेतला. "काका, टाइम..." एवढंच संग्राम म्हणू शकला.

"एक नाव राहिलं आहे," गुरुनाथ म्हणाला. "पंचवीस वर्षं राहिलं आहे. शरयू गुरुनाथ खांबेटे. तुम्ही जो भात खाता, तो ही करते. मी काऊबॉयच्या मालिका बघतो हे तुम्हांला माहीत आहे, तुम्ही हसता तेही मला माहीत आहे. त्यात एक म्हातारा स्वयंपाकी होता. एका डोळ्याचा, तोंडाचा फटकळ, कायम चिडलेला. पण तो नसता तर तीस माणसं वाळवंटात उपाशी मेली असती. त्याच्याएवढं मोठं माणूस मी त्या सगळ्या मालिकांत पाहिलं नाही. ही अगदी त्याच्यासारखी आहे."

हॉल आधी हसला, मग उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. बायका माना उंचावून तिच्याकडे बघत होत्या. शरयूला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पंचवीस वर्षं वाट पाहून नाव आलं, ते एकाक्ष, फटकळ म्हाताऱ्याच्या पंगतीला! आणि वाईट म्हणजे, याच्या तोंडून याहून मोठा शब्द जगात कुणासाठीही निघणार नाही, हे तिच्याइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचे डोळे ओले होते. मूर्ख माणूस, तिने मनात म्हटलं. मग उठली, पदर खोचला आणि स्वयंपाकघराकडे गेली, कारण वीणा पातेल्यात अंदाजाने पाणी ओतायला निघाली असणार याची तिला खात्री होती.

जेवणं दोन वाजता झाली. भात नेहमीसारखा झाला होता. जेवताना स्क्रीनवर एकाहत्तर नावं सरकत राहिली, कुणी वर बघितलं नाही.

घरी जाताना गाडी गुरुनाथ चालवत होता. एका सिग्नलला थांबल्यावर त्याने हळूच विचारलं, "बरं बोललो ना?"

"तुमच्या गोष्टीत मी स्वयंपाकी," शरयू म्हणाली. "माझ्या गोष्टीत तुम्ही कोण, हे कधी विचारलंत?"

त्याचा चेहरा उजळला. न्हावी, तारमास्तर, सुतार, सगळे त्याच्या डोळ्यांसमोरून गेले असावेत. "कोण गं?"

"घोडा."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा गुरुनाथने गाडी काढली. घराच्या वळणावर आल्यावर तो बारीक आवाजात म्हणाला, "घोड्याचं नाव मालिकेच्या शेवटच्या यादीत येत नाही गं."

"पंचवीस वर्षं नाही आलं तरी चालतं," शरयू म्हणाली. "मी अनुभवाने सांगते."