लाल अक्षरं

काल ऑफिसातला जुना कॉम्प्युटर सुरू केला. तापलेल्या धुळीचा वास आला आणि मी भोरच्या कॉलेजातल्या त्या दुपारी जाऊन पोचले.

मी पासलीहून एसटीनं येणारी, मेंढरं राखणाऱ्या घरातली. कॉम्प्युटरच्या तासाला पाचपासून एकपर्यंतच्या संख्यांचा गुणाकार करणारं फंक्शन, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, पहिल्यांदाच स्वतः लिहिलं होतं. ते चालवलं आणि पडदाभर लाल अक्षरं धावत सुटली. त्यातच तो वास आला. मशीन जळालं असंच मला वाटलं. आता नाव काढून टाकतील, माझ्या वडिलांना, आबांना, बोलावून घेतील, या भीतीनं मी कीबोर्डवरचे हात मागं घेतले.

शिकवणाऱ्या बाई मागं येऊन उभ्या राहिल्या. "काय केलंस?"

"म्या काय न्हाई केलं, बाई."

त्या रागावल्या नाहीत. "खालच्या ओळी वाच."

अक्षरं लावत मी वाचलं. चूक कितव्या ओळीत आहे ते तिथंच लिहिलं होतं. एकवर आल्यावर थांबायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. त्यामुळं फंक्शन एकाच्याही खाली उतरत स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलावत होतं. मी एक ओळ वाढवली आणि उत्तर आलं, एकशे वीस.

संध्याकाळी आबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चूक कुठं झाली ते मशीनच सांगतं व्हय? मग भ्यायचं कशाला?"

आज त्यांचं म्हणणं पटतं. दुसऱ्या दिवशी मात्र फंक्शन चालवताना मी डोळे गच्च मिटून घेतले होते.