आईच्या पोटरीतले गोळे आणि शेडमागचे संडास

आईच्या पोटरीत रोज रात्री गोळा यायचा. ती दात आवळून पडून राहायची आणि सकाळी लंगडत भडगावजवळच्या केळीच्या शेडवर जायची. सिमेंटच्या फरशीवर उभं राहून संध्याकाळपर्यंत केळ्यांच्या फण्या धुवायच्या. झोप नसल्यानं हात चुकायला लागले, तसा शेडमालक म्हणाला, जमत नसेल तर घरी बसा.

मी तेव्हा आरोग्याची पत्रकं वाटत हिंडायचे. 'भरपूर पाणी प्या, निजण्याआधी पोटऱ्या ताणा.' मीच लिहिलेली. आईलाही एक दिलं. तिनं ते अंथरून त्यावर पीठ चाळलं.

शेवटी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, पाय चाचपले, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते पाहिलं. मग विचारलं, "दिवसभरात लघवीला किती वेळा जाता?"

"सकाळी. मग घरी आल्यावर."

उन्हाळ्यात दिवसभर घाम गाळणारी ही बाई घोटभर पाण्यावर राहत होती. मी तिच्यावरच चिडले. दुसऱ्या दिवशी शेडवर जाऊन सगळ्या बायांना पाण्यावर भाषण दिलं. त्यांच्यातल्या वयस्क अक्कानं हातातली फणी न ठेवता ऐकून घेतलं.

"पानी पी लेसुत, पोरी. मंग जावानं कोठे? आठे बठ्ठा मानसंच शेतस."

"तुझ्या कागदामागं बसू का?" दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या, आईसुद्धा.

शेडला संडासच नव्हता, आजूबाजूला सगळे पुरुषच, आणि मी पाणी प्या म्हणून कागद वाटत होते. मालकाला गाठलं. "आजवर कुणी मागितला नाही, ताई," तो म्हणाला. जणू संडास म्हणजे दिवाळीचा बोनस.

बायांनी मागितला नाहीच. दुसऱ्या दिवसापासून तांब्या तांब्या पाणी प्यायल्या आणि एकेक करून शेडला लागून असलेल्या मालकाच्या बंगल्यातल्या संडासात जायला लागल्या. ओल्या पायांनी, बैठकीतल्या पाहुण्यांसमोरून. चौथ्या दिवशी मालकीणच शेडवर आली आणि सगळ्यांदेखत नवऱ्याला म्हणाली, "आज गवंडी बोलवा, नाहीतर मी माहेरी चालले."

पंधरा दिवसांत दोन संडास उभे राहिले. कडी, दिवा, नळ, सगळं.

आता आई पाणी पिते. निजण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच न उचलता पोटऱ्या ताणते. गोळा आलाच तर पाय सरळ करून बोटं स्वतःकडे ओढते. महिन्याभरात एकदाच आला. काम टिकलं.

काल शेडवर जाणाऱ्या बाया दारात आल्या तरी ती झोपलेलीच होती. मी हाक मारायला निघाले.

"उठाडू नको तिले. आम्ही थांबतस," अक्का म्हणाली, आणि माझ्या हातचा चहा घेऊन ओट्यावर बसली.