ठेवली आणि टाकली

चूक माझी होती. ती मीच टाइप केली, तिच्या दोन प्रती काढल्या आणि मीच ऑफिसात नेऊन दिली.

“सार, आप लिखे हैं, माँ छोड़ दी,” रेसिडेन्शियल शाळेचे सुपरिंटेंडंट म्हणाले. “फिर ये साइन करने कू कौन आई?”

सही करायला आलेली वैष्णवीची आई माझ्या बाजूलाच उभी होती. तिच्यामागे वैष्णवी, माझ्या नववीतली.

मी तेलंगणात वांकिडीला हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. रोज फळ्यावर पाच नवे शब्द, त्यांचे अर्थ आणि सिनॉनिम, म्हणजे समानार्थी शब्द. पोरं पाठ करायची. मला वाटायचं, आपण इंग्रजी शिकवून राह्यलो.

वैष्णवीला रेसिडेन्शियल शाळेत सीट हवी होती. ती मामाकडे का राहते, याचं पत्र अर्जाला जोडायचं होतं. गोष्ट साधी होती. बाप नागपूरला दवाखान्यात, आई त्याच्या उशाशी, म्हणून लेकीला मामाकडे ठेवलेलं. मी आधी ‘लेफ्ट’ लिहिलं. मग वाटलं, इंग्रजीच्या सरांच्या पत्रात पाचवीतला शब्द? सिनॉनिम शोधले आणि वजनदार दिसला म्हणून ‘अबॅन्डन्ड’ घातला.

पुस्तकात दोन्हींचा अर्थ ‘सोडलं’ असाच आहे. पण कुणाच्या भरवशावर ठेवून गेलं तरी ते लेफ्ट. अबॅन्डन्ड म्हणजे परत न येण्यासाठी टाकून जाणं.

आईनं टाकलेली मुलगी असेल तर आईची सही चालणार नाही, फाइल बालकल्याणच्या कमिटीकडे जाईल, असं सुपरिंटेंडंट म्हणाले. अर्जाचा शेवटचा दिवस होता तो.

आईला तेवढं हिंदी कळत होतं.

“सर, म्या हिले टाकली, असं काऊन लिहिलं तुमी?”

आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

“बाई, चुकी माझी आहे. लगेच दुसरं आणतो.”

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून नवं पत्र केलं. ‘लेफ्ट इन द केअर ऑफ हर अंकल’, म्हणजे मामाकडे सांभाळायला ठेवलं. ऑफिस बंद व्हायच्या आत अर्ज दाखल झाला. पुढे सीटही मिळाली. तेव्हापासून मी नुसते सिनॉनिम पाठ करून घेत नाही. प्रत्येकाचं वाक्य करायला लावतो, आणि पहिलं वाक्य मी करतो.

पण त्या दिवशी बसस्टँडवर आई पाणी आणायला गेली, तेव्हा मी वैष्णवीला विचारलं, “जुनं पत्र तू वाचलं नव्हतं ना?”

“वाचलं होतं सर. सकाळीच.”

“मंग बोलली काऊन नाही?”

ती चपलेकडे पाहत राहिली. “मले वाटलं, आईनं तुमाले खरं सांगितलं असन.”

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “उद्या तिच्या मामाकडे जा. दोघीले समोर बसवा. अन् मराठीत बोला.”