ओव्हरसियरच्या बाजूच्या मुली

सांगलीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असताना आमच्या वसतिगृहात एका मासिकावर अक्षरशः झडप पडायची. साताऱ्याच्या एका लेखिकेची कादंबरी त्यात क्रमशः येत होती. दुष्काळ नुकताच सरला होता, आणि कादंबरीही दुष्काळातलीच होती. जतकडच्या एका गावात एक तरुण शिक्षिका बदलून येते. तिथं तलावाच्या कामावर देखरेख करायला एक ओव्हरसियर असतो, सायकलवरून उन्हातान्हात हिंडणारा, मजुरांच्या बाजूनं साहेबांशी भांडणारा. शाळेच्या पिंपात पाणी पडल्याशिवाय टँकर पुढं जाऊ देत नाही. त्याच गावात एक विधुर पोस्टमास्तर असतो. त्याला दोन मुली, डोक्यावर केस बेताचे, आणि चहा बशीत ओतून बराच वेळ फुंकत बसायची सवय.

आम्ही सगळ्या ओव्हरसियरच्या बाजूच्या होतो. पोस्टमास्तराच्या बाजूनं कुणी असू शकतं, हे आमच्या मनातही आलं नव्हतं.

अंक महिन्यातून एकदा यायचा आणि आम्हांला तर धीर धरवत नव्हता. मग माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं पुढची गोष्ट स्वतःच सांगायला सुरुवात केली. ती कुंडलची, शेतकऱ्याच्या घरातली. वर्गात तिच्या बोलण्याला मुली हसायच्या म्हणून ती तिथं गप्प असे. पण रविवारी सकाळी न्हाऊन आम्ही गच्चीवर केस वाळवत बसलो की तिचं तोंड सुटायचं. तिच्या गोष्टीत ओव्हरसियर शिक्षिकेला सायकलच्या दांडीवर बसवून बाजाराला न्यायचा. भर बाजारात तिच्यासाठी बांगड्या घ्यायचा आणि तिच्या हातात देताना लाजायचा. पोस्टमास्तर आला की ती बशी धरल्यासारखे हात करून असं काही फुंकायची की आम्ही हसून लोळायचो. महिना संपून खरं प्रकरण आलं की ते आम्हांला फिकं वाटायचं. आम्ही म्हणायचो, बाईंना जमत नाही, हिला जमतं.

आणि मग शेवटचा अंक आला. तलावाचं काम संपलं, ओव्हरसियरची बदली झाली, तो गेला. शिक्षिकेनं पोस्टमास्तराशी लग्न केलं.

त्या दिवशी आमच्या मजल्यावर बऱ्याच जणी जेवल्या नाहीत. एक मुलगी उशीत तोंड खुपसून रडली. एकीनं अंकाचं ते पान फाडून चुलीत घालायला स्वयंपाकिणीकडे दिलं. कुंडलची मैत्रीण मात्र रडली नाही, चिडली. "ह्ये खोटं हाय," ती म्हणाली. "बाईनं घाईत कायबी लिवलंय. ती त्याला हो म्हणंलच कशी?"

माझे मामा साताऱ्याला राहायचे आणि ती लेखिका त्यांच्याच गल्लीत, चार घरं सोडून, राहते हे मी पूर्वी कधीतरी मिरवत सांगितलं होतं. आता सगळ्या माझ्या मागं लागल्या. कुणीतरी जाऊन बाईंना विचारलंच पाहिजे. पुस्तक निघेल तेव्हा तरी शेवट बदलायला हवा. मी आष्ट्याच्या कापडदुकानदाराची मुलगी, मुलींच्यात पुढं पुढं करायची मला भारी हौस. मी म्हटलं, "आम्ही दोघी जातो."

शनिवारी एसटीनं आम्ही साताऱ्याला गेलो. वाटेत कराडपर्यंत आम्ही काय काय बोलायचं ते घोकत होतो. मामींना सांगितलं, कॉलेजच्या कामासाठी लेखिकेला भेटायचंय. संध्याकाळी चारच्या सुमाराला आम्ही तिच्या दारात उभ्या राहिलो.

दार आमच्याच वयाच्या एका मुलीनं उघडलं. सडपातळ, दोन वेण्या, ओले हात परकराला पुसत होती. "बाई आहेत का?" मी विचारलं. "आहेत ना," म्हणाली आणि आत वळून हाक मारली, "बाई, तुमच्याकडे कुणी आलंय." मला वाटलं, शिकायला म्हणून घरात ठेवलेली कुणी नात्यातली मुलगी असेल.

लेखिका बाहेर आल्या. माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी उंच, चष्मेवाली, करारी बाई होती. या बुटक्या होत्या, नऊवारी नव्हे तर साधी सुती पाचवारी नेसलेल्या, आणि त्यांच्या बोटांना मेथीच्या काड्यांचा हिरवा डाग होता. मी आष्ट्याची, ही कुंडलची, सांगलीहून मुद्दाम कादंबरीसाठी आलोय म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांना काय करावं सुचेना. सतरंजी झटकली, आम्हांला बसवलं, त्या मुलीला चहा टाकायला सांगितलं.

"कशी वाटली?" त्यांनी विचारलं.

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं आणि सरळ सुरुवात केली. "आवं बाई, सगळी लय झ्याक हुती. पर शेवट तुमी लय वंगाळ केलासा."

"असं?" त्या हसल्या. "का बरं?"

"एवढी शिकल्याली, देखणी पोरगी आन् तिला तुमी दोन पोरींच्या बापाच्या गळ्यात बांधली? त्या ओव्हरसियरनं काय कमी क्येलं हुतं? तिला काय दुसरा मिळत न्हवता व्हय?"

लेखिका ऐकत होत्या, हसू तसंच ठेवून. आता माझी पाळी होती. मैत्रीण गावठी बोलते, आपण नीट मुद्द्याचं बोलावं, असं मला वाटलं. मी गाडीत घोकलेलं वाक्य म्हटलं. "शिवाय बाई, हे खरंही वाटत नाही. सावत्र मुली कधी आपल्या होत नाहीत. उलट आयुष्यभर तिला त्यांच्या मेलेल्या आईची मोलकरीण होऊन राहावं लागणार. अशा घरात कुणी आपखुशीनं जात नाही."

बोलून झाल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग लक्षात आलं की स्वयंपाकघराच्या दारात ती मुलगी चहाचं ताट घेऊन उभी आहे आणि पुढं येत नाहीये.

लेखिकेनं मागं वळून पाहिलं. "ये गं," त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "ही माझी मुलगी. म्हणजे यांची थोरली. मी तिच्या शाळेत शिकवायला होते ना, तेव्हापासून बाईच म्हणते. धाकटी खेळायला गेलीये."

मुलीनं पुढं येऊन आमच्यासमोर कप ठेवले. मला कप उचलायचा की नाही ते कळेना. मैत्रिणीनं मान इतकी खाली घातली होती की तिच्या भांगाशिवाय मला काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात लेखिकेचे यजमान बाहेरून आले. हातात भाजीची पिशवी, डोक्याला टोपी. ते कोर्टात कारकून होते असं मामींनी मला नंतर सांगितलं. "पाहुण्या का?" म्हणाले, टोपी काढून खुंटीला लावली, आणि त्यांचं तुळतुळीत डोकं पाहून मी नजर सतरंजीकडे वळवली. सांगलीहून आल्यात, कादंबरी वाचून, असं लेखिकेनं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! मग आमच्या घरातली माणसं ओळखलीत का त्यात?" ते मोठ्यानं हसले, आमच्यासमोर बसले, चहा बशीत ओतला आणि फुंकू लागले.

त्यांनी आणखीही काही विचारलं असेल. मला त्यांच्या बशीवरच्या लाटा तेवढ्या आठवतात. गच्चीवर ज्यावर आम्ही हसून लोळत होतो तेच हे, अगदी तसंच, आणि ते करणारा माणूस मला विचारत होता, "बिस्किट घेत नाही तुम्ही?"

आम्ही काय बोललो ते लेखिकेनं त्यांना सांगितलं नाही. उलट मैत्रिणीला म्हणाल्या, "ओव्हरसियर मलाही आवडायचा गं. पण काम संपलं की ती माणसं जातात. त्याला थांबवायला मला काही सापडलं नाही. तू लिहिलं असतंस तर कसं थांबवलं असतंस?"

त्या टोचून बोलत नव्हत्या. त्यांना खरंच ऐकायचं होतं. वही नाही, तयारी नाही, दर रविवारी तासभर न अडखळता बोलणारी माझी मैत्रीण "न्हाई बाई, आमी आपलं उगंच," एवढंच म्हणाली. तिच्या जागी मी सांगू शकले असते. बाई, ही फार सुंदर सांगते, एवढं तरी. मी बिस्किट उचललं.

निघताना थोरली आम्हांला मामांच्या दारापर्यंत पोचवायला आली. चार घरांचं अंतर, पण संपेना. मी म्हटलं, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका." ती म्हणाली, "नाही हो. मीसुद्धा ओव्हरसियरच्याच बाजूची होते. बाईंनी लिहिलं की आधी मलाच वाचायला मिळायचं. मी म्हणायचे, त्याच्याशीच लावा तिचं लग्न, काय मस्त आहे तो! तर त्या म्हणायच्या, मग पोस्टमास्तरांच्या पोरींच्या वेण्या कोण घालणार?" ती थोडं हसली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणालात ते खोटं नाही. मी पहिली दोन वर्षं त्यांच्या हातचं जेवत नव्हते."

तिनं हे माझ्याकडे न पाहता सांगितलं आणि परत फिरली.

दुसऱ्या दिवशी सांगलीला परतलो तेव्हा मुली वसतिगृहाच्या पायऱ्यांवरच बसल्या होत्या. काय म्हणाल्या बाई? बदलणार का शेवट? मी म्हणाले, "भेटल्याच नाहीत. गावाला गेल्या होत्या." मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं आणि ती पिशवी घेऊन वर गेली. "घाबरून पळाली असेल!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले.

पुढच्या रविवारी गच्चीवर गोष्टीचा आग्रह झाला. मैत्रीण आधी नको म्हणाली, मग सांगू लागली. तिच्या गोष्टीतही ओव्हरसियरची बदली झाली. तो सायकल एसटीच्या टपावर चढवून निघून गेला. आणि शिक्षिका शाळा सुटल्यावर पोस्टाच्या ओट्यावर बसून पोस्टमास्तराच्या धाकट्या मुलीच्या डोक्यातल्या गाठी सोडवत होती. पोरगी तिला बोचकारत होती, आणि ती हात मागं घेत नव्हती. एवढं तिनं सांगितलं, हळू, नेहमीसारखे हातवारे न करता. इतकं चांगलं तिनं त्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

मुली खवळल्या. "तूपण त्या टकल्याच्या बाजूला गेलीस?" "आम्हांला आमची गोष्ट पाहिजे!" एकीनं ओला पंचा तिच्या अंगावर फेकला. तिनं माझ्याकडे पाहिलं. काय घडलं ते मी सांगावं, एवढीच तिची अपेक्षा असावी. पण सांगायचं म्हणजे मी काय बोलले तेही सांगावं लागणार. मी केस झटकत राहिले. दुसऱ्या एका मुलीनं गोष्ट पुढं घेतली, ओव्हरसियरला परत आणलं, धूमधडाक्यात लग्न लावून दिलं. वाईट सांगत होती, पण सगळ्या खूष होत्या. कुंडलची मैत्रीण त्यानंतर गच्चीवर यायची, पण एका बाजूला बसून केस वाळवायची.

कॉलेज संपल्यावर तिचं लग्न झालं आणि ती मिरजेकडे गेली. मी सुट्टीत मामांकडे जात असे, पण गल्लीत शिरताना पलीकडच्या बोळानं जायचे. एकदा पोवई नाक्यावर समोरून थोरलीच आली, कडेवर मूल घेऊन. मी न पाहिल्यासारखं केलं, पण तिनंच हाक मारली. घरी या म्हणाली. मग म्हणाली, "बाई अजून विचारतात, ती कुंडलची मुलगी काही लिहिते का? तिला म्हणावं, मला पाठव, मी मासिकाकडे देते."

"सांगते," मी म्हणाले. मैत्रिणीचा पत्ता माझ्याकडे होता. दिवाळीला तिला पत्रही लिहिलं. साताऱ्याला जाऊन आल्याचं, मामींच्या गुडघ्याचं, नव्या साडीचं. बाईंचा निरोप तेवढा लिहिला नाही.