साहेबांच्या घरची बंगई

जाफराबादच्या तहसील कचेरीत मी आवक-जावकच्या टेबलावर रुजू झाले तेव्हा वीस वर्षांची होते. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा आणि वहीत चढवायचा, एवढंच काम. पण आमच्या घरात सरकारी नोकरी लागलेली मी पहिलीच, त्यामुळे तेवढ्यानंही हवेत होते.

आस्थापनेचं टेबल एका वयस्कर अव्वल कारकुनांकडे होतं. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. नोकरदारानं कुणाकडून काय घेऊ नये, याच्या नियमांचं पुस्तक त्यांच्या ड्रॉवरमध्ये असे. पहिल्याच आठवड्यात एका पक्षकारानं मला दिलेले पेढे त्यांनी परत करायला लावले होते. मी चार दिवस त्यांच्यावर फुगून होते.

त्या दसऱ्याला तहसीलदार साहेबांच्या बंगल्यावर बंगई आली. सागवानी फळी, पितळी कड्या, चार माणसं ऐसपैस झोके घेतील एवढी. पाठवणारा जिनिंगवाला व्यापारी, आणि त्याच्या जमिनीची फाईल साहेबांकडेच मंजुरीला होती. भाऊसाहेबांनी सरळ साहेबांच्या नावानं टिपण लिहिलं : भेट नियमात बसत नाही, परत करावी, अन्यथा वर कळवावं लागेल. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "नंबर टाका, बाई."

शिपायानं ही बातमी आत पोचवली असावी. साहेबांनी मला बोलावलं आणि तो कागद न नोंदवता इकडे आणून द्या म्हणाले.

"साहेब, नोंदवून आणते," मी म्हणाले.

बाहेर येऊन नंबर टाकला. घाईत सातचा आकडा नऊसारखा उमटला. टिपण आत देऊन आले. भाऊसाहेबांना विचारलं, आता काय होईल?

"फार तर बदली होईल. मी किनवटला राहून आल्तो, तिथलंबी पाणी गोड आहे. कागद बराबर वहीत चढला न्हाई का, मंग झालं."

तासाभरानं टिपण बाहेर आलं. खाली साहेबांची सही आणि एकच शब्द, 'मान्य'.

दुपारी बंगई बैलगाडीतून भर बाजारातून परत निघाली. साहेबांच्या पत्नीनं ती निघण्याआधी दोन झोके घेतल्याचं शिपायानं सांगितलं. कचेरीची प्रत्येक खिडकी माणसांनी भरली होती. वळणावर गाडी अडली तेव्हा एक भाजीवाली म्हातारी टोपलीसकट वर चढली आणि फळीवर मांडी घालून, पितळी कडी धरून, राणीसारखी पुढे गेली. भाऊसाहेबांनी गंभीर चेहऱ्यानं चष्मा पुसला, पण खांदे हलत होते. मी तोंडात पदर कोंबला.

संध्याकाळी एसटीत मी एकटीच खुदूखुदू हसत होते. कंडक्टरनं दोनदा विचारलं तरी मला माझ्या गावाचं नाव आठवेना.

साहेब पंधरा दिवस आम्हा दोघांशी बोलले नाहीत. भाऊसाहेबांची बदली काही झाली नाही. आणि त्या व्यापाऱ्याची फाईल आपल्या पाळीनं वर आली, कागद चोख होते, म्हणून मंजूरही झाली. बंगईची गरजच नव्हती बिचाऱ्याला.