खालच्या मजल्यावरची लाडाची भाषा

इथे आखातात, सनाबिसमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, आमच्या खालच्याच मजल्यावर, एक कोलंबियाची बाई राहते. मी सीफमधल्या बँकेतून सुटेपर्यंत माझी आठ वर्षांची मुलगी तिच्याकडे असते. मुलगी तिला तिया म्हणते, म्हणजे मावशी.

या बाईच्या लाडाला धरबंध नाही. माझी मुलगी म्हणजे तिचं आकाश, तिचं काळीज, तिचा जीव. स्पॅनिशमध्ये म्हणे असंच बोलतात. नवऱ्याला ती 'म्हातारा' म्हणते, स्वतःच्या पोराला 'जाड्या', आणि दोघेही खुशाल ओ देतात. मला तर ऐकूनच शिसारी यायची. त्यात प्रत्येक शब्दामागे एक मुका, तोही लिपस्टिकचा. घरी आलं की आधी पोरीचे गाल पुसायचे, हे माझं रोजचं काम होऊन बसलं होतं.

एक दिवस मी तिला न्यायला गेले, तर आतून हाक ऐकू आली, "नेग्रिता, आई आली!" जिना चढताना मी पोरीला अर्थ विचारला.

"छोटी काळी," ती इंग्रजीत मजेत म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी मुलगी माझ्यासारखीच काळी आहे. सावळी नाही, काळी. हा रंग घेऊन वाढताना काय काय ऐकावं लागतं ते मला पुरेपूर ठाऊक आहे. तिच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही, हे मी ती जन्मली तेव्हाच ठरवलं होतं.

तशीच मागे फिरले आणि दारातच त्या बाईला सुनावलं. बाई आधी हसली, मग तिचा चेहरा पडला. तिची आजी तिला मरेपर्यंत हेच म्हणायची, नवरा अजूनही म्हणतो, असं काहीबाही ती सांगत राहिली.

"तुमच्याकडे चालत असेल," मी म्हटलं. "आमच्याकडे माणसाला रंगावरून हाक मारत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून तिया पोरीला नावाने हाक मारू लागली. आकाश गेलं, काळीज गेलं, मुकेही बंद झाले. "तिया माझ्यावर का चिडलीय?" पोरीने दोनदा विचारलं. मी म्हटलं, तो विषय खलास.

शुक्रवारी पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"काय गं काळुंद्रे, उन्हात हुंदडतेस ना? आणि तू गं, हळद-साय लावतेस की नाही तिला? आधीच तुझ्यावर गेलीय."

"लावते ना, आई," मी म्हणाले आणि दर शुक्रवारी हसते तशी हसले.

फोन ठेवल्यावर पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. "आजीला तू काहीच बोलली नाहीस," ती म्हणाली.

मला स्वतःचीच किळस आली. परक्या बाईपुढे जी जीभ तलवारीसारखी चालली, ती घरच्या माणसापुढे आठ वर्षं टाळूला चिकटून होती. आजी म्हातारी आहे, तिच्या मनात तसं काही नसतं, असलं काहीतरी मी पुटपुटले. पोरगी ते न ऐकताच दारापाशी जाऊन चपला घालू लागली.

"कुठे निघालीस?"

"खाली. तियाला सॉरी म्हणायला. तू तर म्हणणार नाहीस."